धोंड्याच्या महिन्यातला रॅक

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
१६ फेब्रुवारी २०२६

प्रिय दादा,

गुडघा प्रत्यक्षात वाकत नाही, म्हणून इथे कागदावरच पुरेपूर वाकून नमस्कार करते. सत्तरीची बहीण एकदम पोस्टाच्या तिकिटावर का उतरली म्हणून घाबरू नकोस. तब्येत ठणठणीत आहे. माझा आयपॅड परीक्षितच्या अकाउंटवर आहे. मी तुला काही पाठवलं की जावयाच्या मनगटावरचं घड्याळ वाजतं. या कामात ते नको आहे. तूही उत्तर कागदावरच दे.

काम असं आहे. परीक्षितने मोटरहोम घेतलंय हे तुला ठाऊकच आहे. यंदा मे महिन्यात अधिक मास लागतोय, जावयाला वाण द्यायला हवं. चांदीचं ताट दिलं तर इथे ते डिशवॉशरमध्ये जाऊन काळं होतं. म्हणून म्हटलं, उपयोगाचं काही द्यावं. मोटरहोमच्या मागे ट्रेलर जोडायची चौकोनी लोखंडी नळी असते ना, तिच्यात बसवायचा सायकलींचा रॅक. आत्ता त्याच्याकडे आहे तो जुन्या गाडीचा, तोच इकडे लावतो.

तू त्या तुझ्या चाकांवरच्या बिऱ्हाडातून अर्धी अमेरिका पालथी घातलीस. कुणी शिकवलं नाही, सगळं स्वतः पडत-धडपडत शिकलास. तेव्हा कुठला रॅक चांगला आणि कुठला वाईट, मला समजेल असं लिही. वाईटाबद्दल जरा सविस्तर लिही. तो कसा मोडतो, कधी मोडतो, आणि मोडण्याआधी काही आवाज वगैरे करतो का.

आश्लेषाच्या हॉस्पिटलच्या पाळ्या चालूच आहेत. पोरगी उभ्याउभ्या जेवते. हे गेल्यापासून मी लेकीकडे आहे म्हणून निदान गरम तरी जेवते.

तुझी,
माली

प्लेनो, टेक्सस
२५ फेब्रुवारी २०२६

लाडक्या माले,

आशीर्वाद, आणि इतक्या दिवसांनी कागदाला हात लावलास म्हणून पाठीत एक धपाटा. सूनबाईने पाकीट हातात देताना विचारलं, “बाबा, कोर्टाचं काही आहे का?” मी म्हटलं, बहिणीचं आहे, त्याहून गंभीर असू शकतं.

आता ऐक. मोटरहोम पुढून बघितलं तर हत्ती चालल्यासारखं संथ दिसतं. मागे जाऊन बघ. मागच्या चाकांच्या पलीकडे त्याचा जो भाग लोंबतो, तो प्रत्येक खड्ड्याला चाबकाच्या टोकासारखा उडतो. आणि रॅक बसतो नेमका त्या टोकावर. गाडीला वर्षानुवर्षं टिकलेला रॅक मोटरहोमला एका दुपारीत मान टाकतो तो यामुळे. दुकानातला माणूस सांगेल, नळीचं माप सारखंच आहे, आरामात बसेल. बसेल, कोण नाही म्हणतो. टिकायचं काय? रॅकच्या पुस्तिकेत “मोटरहोमला चालेल” असं स्वच्छ छापलेलं असेल तरच घ्यायचा. काही लिहिलेलं नसेल तर चालत नाही असं समज.

वाईट म्हणशील तर टांगायचा. दोन हात बाहेर आलेले असतात आणि सायकल पोटाला धरून त्यांच्यावर अडकवायची. वाटभर ती झोके घेते, पट्टे सैल होतात. त्यात मागच्या शिडीला सायकल घासते म्हणून लोक नळी लांबवायचा जोड लावतात. तो जोड लावला की वजन पेलायची ताकद निम्मी. हे दोन्ही एकत्र ज्याने केलंय, त्याच्या मागे मी माझी गाडी ठेवत नाही. आवाजाचं विचारलंस. करतो ना, बारीक कुईकुई करतो. पण ड्रायव्हर बसतो पार पुढे, त्याला काय ऐकू येणार.

चांगला म्हणजे बसवायचा. दोन्ही चाकं पन्हाळीत आणि वरून एक दांडा फक्त टायरला दाबून धरतो, सायकलीच्या अंगाला हात लावत नाही. तुझ्या जावयाची ती कार्बनची सायकल आहे ना, तिला असाच हवा. तिचं अंग दाबलं तर चीर जाते. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकत नाहीत एवढं बघून घे.

सासूने जावयाचा एवढा बारकाईने विचार केलेला बघून तुझ्या कृष्णाला फार बरं वाटलं असतं.

तुझा,
विष्णूदादा

कॅरी
८ मार्च २०२६

दादा,

ठरलं. टांगायचाच घेते. आणि तो जोडही घेते.

तू आता चष्मा पुसून पुन्हा वाचशील म्हणून नीट सांगते. मागच्या सप्टेंबरात परीक्षित मित्रांबरोबर समुद्रावर, आउटर बँक्सला गेला होता. आश्लेषाला ड्यूटी होती, मी घरी. जाताना यांची सायकल घेऊन गेला. मला विचारलं नाही. आला तो मान खाली घालून म्हणाला, “आई, कॅम्पग्राउंडवरून बाबांची सायकल चोरीला गेली.” मी त्यालाच पाणी दिलं. म्हटलं, जाऊ दे रे, तू कशाला मनाला लावून घेतोस.

दादा, मी त्या चोराला आशीर्वाद देत होते. म्हटलं असेल कुणी गरजू पोरगं, कामावर जायला गाडी नसेल. रोज दिवा लावताना त्याच्यासाठी हात जोडायचे, की बाळा, मागचा ब्रेक सैल आहे, उतारावर जपून.

जानेवारीत दीपाकडे हळदीकुंकवाला गेले. तिचा नवरा त्या ट्रिपला होता. हातावर तिळगूळ ठेवता ठेवता ती म्हणाली, “काकू, सायकलचं फार वाईट झालं हो. हायवेवर निसटली आणि मागून ट्रक गेला म्हणे वरून. रॅकच साधा गाडीचा होता ना.” मी म्हटलं, हो ना. तिळगूळ तोंडात टाकला, वाण घेतलं, घरी आले. चोर नव्हताच कुणी. मी महिनोन्महिने कुणासाठी हात जोडत होते?

तुला आठवतंय, हे मला रविवारी संध्याकाळी डबलसीट घेऊन आमच्या गल्लीतून फेरी मारायचे? शेजारची गोरी म्हातारी खिडकीतून टाळ्या वाजवायची. त्या कॅरियरला मी गोधडीचा तुकडा शिवून बांधला होता. तोही गेला.

परीक्षितची ती काळी सायकल दिवाणखान्यात भिंतीवर असते. गॅरेजमध्ये तिला दमट लागतं. ती मला हायवेवर पडलेली हवी आहे. मागच्या कॅमेऱ्यात त्याला दिसायला हवी. माणूस वाईट नाही, माझी औषधं न चुकता आणतो, म्हणून तर जास्त झोंबतं. मला भरपाई नको. त्याने माझ्यासमोर उभं राहून, काय झालं ते आपल्या तोंडाने सांगावं. एवढ्यासाठी मी काहीही करेन.

तेव्हापासून मी त्याला “परीक्षितराव, तुम्ही” म्हणते. इतकी वर्षं “अरे” म्हणत होते. त्याला वाटतं, सासूबाई वयोमानाने जुन्या वळणावर गेल्या.

माली

प्लेनो
१७ मार्च २०२६

माले,

पत्र वाचून मी अंगणात जाऊन बसलो. कृष्णा मला मेहुण्याआधी मित्र होता. सूड घेऊ नकोस असं मी तुला म्हणणार नाही. माझाही हात शिवशिवतोय.

पण तो रॅक घ्यायचा नाही. त्या मोटरहोमच्या मागे कोण असेल ते तुला ठाऊक आहे का? एखादी बाई पोराला शाळेतून घरी नेत असेल. तिने तुझी सायकल मोडलेली नाही. हे वाचून तू मान हलवशील आणि तरी मनात म्हणशील, बघू. म्हणून दुसरं लिहितो, ते तुला जास्त लागेल. रॅक तुटला तर तो काय सांगेल? “आईंनी दिलेला रॅक तुटला.” तू रडशील, हात जोडशील, आणि तो तुला माफ करेल. चारचौघांत, मोठ्या मनाने. तुला चालेल? त्याची चूक तुझ्या पदरात, आणि तो साधू.

म्हणून उलट कर. बाजारात मिळेल तो सगळ्यात उत्तम रॅक दे. पन्हाळीचा, टायर धरणारा, मोटरहोमसाठी म्हणून छापलेला. आणि कुलपांचा. एक कुलूप रॅक आणि नळी एकत्र धरतं, दुसरं प्रत्येक सायकलीला तारेने बांधतं. चोरी झाली म्हणतो ना? मग चोरीचा बंदोबस्त कर. सगळ्यांसमोर दे, तोंडभर दे. आणि किल्ल्या तुझ्याजवळ ठेव. प्रत्येक वेळी सायकल काढायची तर तुझ्याकडे यायचं. आला की मायेने विचार, बाबा रे, त्या दिवशी चोराने नेमकं कसं नेलं? खोटं बोलणाऱ्याला खोटं सांभाळायला लाव. फार जड असतं ते. कुठल्याच रॅकला पेलत नाही.

आधी नळीवर किती वजन चालतं ते त्याच्या मोटरहोमच्या कागदांत बघ. सूड झाला तरी मापात हवा.

दादा

कॅरी
२६ मे २०२६

प्रिय दादा,

झालं. रविवारी जेवण केलं. विहीणबाई आणि व्याही खास सनीव्हेलहून आले होते. तेहेतीस अनारसे स्वतः तळले, एकही फसफसला नाही. मनात राग असला की अनारसा चांगला जाळीदार होतो असं दिसतंय.

रॅकचा खोका एवढा थोरला की पाटावर मावेना. जमिनीवरच ठेवला, त्यावर स्वस्तिक काढलं, वर अनारशांचं ताट आणि दिवा. परीक्षितने खोका फोडला आणि बघतच राहिला. “आई, अहो हा तर टॉप ऑफ द लाइन आहे. तुम्हाला कसं कळलं यातलं?”

मी म्हटलं, “विष्णूदादाला विचारलं. म्हटलं, परीक्षितरावांची एक सायकल चोरीला गेली, आता दुसरी जायला नको.”

विहीणबाई म्हणाल्या, “बघ रे, सासू असावी तर अशी.” त्याने माझ्या पायावर डोकं ठेवलं. कान लाल झाले होते. मी पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, “किल्ल्या मी देवघरात ठेवते हं. पुन्हा काही गेलं तर मला सोसायचं नाही.” वाण नाकारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तो आणि आश्लेषा तळ्यावर निघाले. किल्लीसाठी आला. मी किल्ली मुठीत धरून विचारलं, “चोराने कुलूप तोडलं होतं का हो त्या दिवशी?”

“हो आई. कापलं होतं.”

“कशाने?”

“माहीत नाही. कटरने असेल.”

“अरेरे. रात्री?”

“हो. रात्री.”

मग दिली. दादा, मला इतकी शांत झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

माली

प्लेनो
५ जून २०२६

माले,

तुझं पत्र वाचून एकटाच हसलो. सूनबाई म्हणाली, बाबा, आज गोळी घेतली का? कटरचं उत्तर कागदावर टिपून वगैरे ठेवू नकोस, तुझ्या लक्षात राहील तेवढं पुरे.

कामाचं एक. नवा रॅक पहिल्या प्रवासानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. त्याला सांग. सूड वेगळा, बोल्ट वेगळे.

दादा

कॅरी
१२ जुलै २०२६

दादा,

बोल्ट आवळून घेतले.

किल्ली मागायला तो आला की मी विचारते. दुसऱ्या खेपेला म्हणाला, कुलूप लावायचंच राहिलं होतं. पुढे एकदा दुपार होती आणि सगळे पोहायला गेले होते. मग एक पिकअप ट्रक आला आणि कुणीतरी तो बघितलाही होता. त्याचा चेहरा उतरत चाललाय. शनिवार-रविवार सायकल भिंतीवरच असते. “आज कंटाळा आलाय” म्हणतो. मी म्हणते, “जा हो, किल्ली देते ना.”

पण आश्लेषा स्वयंपाकघरात असते, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. मागच्या आठवड्यात भाजी चिरता चिरता ती त्याला म्हणाली, “तू मला रात्र सांगितली होतीस. आईला दुपार सांगितलीस. यातलं खरं काय?” तो म्हणाला, “अगं, सायकल आहे, किती इश्यू कराल.” ती म्हणाली, “इश्यू सायकलचा नाहीये.” मग दोघांनी वर जाऊन दार लावलं. आत काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण चार दिवस ती माझ्या खोलीत झोपतेय. रात्री कूस बदलते आणि विचारते, “आई, तुला काही माहितीये का?” मी घोरते.

मला हे गोड लागतंय आणि लागायला नको, असंही वाटतंय. किल्ल्यांचं आता काय करू?

माली

प्लेनो
२१ जुलै २०२६

माले,

चूक माझीही. मला वाटलं, एकट्या त्याच्या खांद्यावर ओझं पडेल. तू निघालीस जावयावर सूड घ्यायला आणि अंथरूण उचललं गेलं लेकीचं.

आता आडून विचारणं बंद. किल्ल्या देऊन टाक. मोकळं सोड असं म्हणत नाही, मी तुला ओळखतो. तुला जे हवंय ते सरळ माग. त्याच्याकडे बघून माग. आणि आश्लेषाला तिथे उभी राहू दे. तिच्या पाठीमागे आता काही नको.

काय करशील ते कर, फक्त मला कळव. मला इथे चैन पडत नाही.

दादा

कॅरी
१७ ऑगस्ट २०२६

प्रिय दादा,

किल्ल्या मी त्याला दिल्या, काही न विचारता. तो दोन मिनिटं तिथेच उभा राहिला, सवयीने. मग मी म्हटलं, “या शनिवारी मला समुद्रावर घेऊन चला.”

तिघं निघालो. मागे रॅकवर दोघांच्या सायकली. तुला म्हणून सांगते, जराही हलल्या नाहीत, मी कॅमेऱ्यात सारखी बघत होते. हायवे चौसष्टवर कोलंबिया गाव मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना नुसती दलदल, आणि अस्वलं रस्ता ओलांडतात अशी पिवळी पाटी. मी पुढच्या सीटवर होते. म्हटलं, “परीक्षितराव, सायकल जिथे पडली तिथे गाडी थांबवा.”

कुठली, कसली, असं त्याने विचारलंच नाही. बराच वेळ तसाच चालवत राहिला. मग एका कच्च्या फाट्याशी आत घेऊन थांबवली. आश्लेषा मागून उठून आली, “काय झालं? का थांबलो?”

मी खाली उतरले. घडीची खुर्ची काढून सावलीत मांडली आणि बसले. म्हटलं, “शोधा.”

“आई, आता काय मिळणार आहे.”

“ते मी बघते. तुम्ही शोधा.”

आणि तो शोधायला लागला, दादा. गुडघाभर गवतात. वाकून. ऊन असं की रस्ता हलताना दिसत होता. डास घोंघावत होते. आश्लेषा आधी त्याच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. मी तिला दीपाकडे ऐकलेलं सगळं सांगितलं, शांतपणे, मिरची निवडल्यासारखं. ती पायरीवर बसली.

तेवढ्यात हायवे पोलिसाची गाडी आली. तरणा पोलीस, टोपी सरळ. मला म्हणाला, “मॅम, एव्हरीथिंग ओके?” मी म्हटलं, “येस. ही इज लुकिंग.” तो परीक्षितकडे गेला. वाऱ्यावर सगळं ऐकू येत होतं.

“सर, काय हरवलंय?”

“माझ्या सासऱ्यांची सायकल.”

“केव्हा?”

“मागच्या सप्टेंबरात.”

पोलिसाने माझ्याकडे बघितलं. मी हात केला. त्याने विचारलं, “कुणी चोरली का, सर?”

परीक्षित इंग्रजीत म्हणाला, “नाही. कुणी चोरली नाही. मी न विचारता नेली होती. चुकीच्या रॅकवर बांधली. इथे पडली. आणि मी त्यांना सांगितलं की चोरीला गेली.” मग म्हणाला, “मी थांबलोसुद्धा नाही. तिचे तुकडे इथेच टाकून पुढे गेलो.”

हे शेवटचं दीपालाही माहीत नव्हतं.

पोलिसाने त्याच्या पायांकडे बघितलं. म्हणाला, “सर, गवतात साप असतात. बूट घाला.” मला टोपीला हात लावून गेला.

परीक्षित माझ्यापाशी आला. पायाला चिखल, पोटऱ्यांवर ओरखडे, डोळे भरलेले. मग मराठीत सगळं सांगितलं, पहिल्यापासून. गाडी हळू झाली की रॅकची कुईकुई त्याला ऐकू येत होती, तेही सांगितलं. पाय धरायला वाकला, तेव्हा मी पाय मागे घेतले. म्हटलं, “ऐकलं मी.”

“आई, मी आता काय करू?”

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. वाटलं होतं की मिळालं की रिकामी होईन. तशी झाले नाही. गवताचा केवढा तरी पट्टा तसाच पडला होता, आणि यांच्या सायकलीवर ट्रक गेला तेव्हा हा माणूस पुढे निघून गेला होता. मी म्हटलं, “अस्वलाच्या पाटीपलीकडे बघायचं राहिलंय.”

त्याने बूट घातले आणि गेला.

आश्लेषा उठली. डोळे पुसले आणि आत मोटरहोममध्ये जाऊन गॅस पेटवला. दारातून तिने विचारलं, “आई, चहा किती कप टाकू?”

मी रस्त्याकडे बघितलं. तो पाटीपाशी पोचला होता आणि वाकला होता.

मी म्हटलं, “सध्या दोनच.”

तुझी,
माली